वावरातल्या माणसाशी बोलायला कोणता परवाना घ्यायचा?

प्रति,
मा. ज्योतिरादित्य शिंदे,
केंद्रीय दळणवळण मंत्री, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

मी नागपुरात राहते. माहेर काटोल तालुक्यातलं. घरची संत्र्याची बाग गावापासून दोनेक किलोमीटरवर, नाल्याच्या पलीकडे आहे. शेतीपंपाची लाईन ज्या आठवड्यात रात्रीची असते, त्या आठवड्यात भाऊ बॅटरी आणि काठी घेऊन मोटर चालू करायला जातो आणि तो परत येईपर्यंत आई जागी असते. नाला ओलांडला की मोबाईलची रेंज जाते. विहिरीजवळ साप निघाला, रानडुकरं आडवी आली, स्टार्टरला हात लावताना झटका बसला, तर घरी कळवायला काहीच साधन नाही. म्हणून घरात एक आणि त्याच्या कमरेला एक असे दोन वायरलेस सेट घ्यावेत, एवढीच आमची गरज. ते कायद्यात बसवून घ्यायचे, हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. त्यासाठी जे जे वाचलं, विचारलं आणि तपासलं, त्यावरून हे पत्र लिहिते आहे.

बिनपरवान्याचा मार्ग आपल्याकडे आहे, आणि तो चांगला आहे. 2018 च्या नियमांनी 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या सेटसाठी मोकळा केला. सेटच्या मॉडेलला आपल्या विभागाची ईटीए (इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल) ही मान्यता असली की झालं; वापरणाऱ्याला परीक्षा नाही, अर्ज नाही. युरोपात हेच सेट पीएमआर 446 म्हणून चालतात आणि तिथे शक्तीची मर्यादा अर्धा वॅट आहे. अशी एक जोडी मी घेतली. फुटाळा तलावाच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर आवाज असा स्वच्छ यायचा, की शेजारी उभं राहून बोलल्यासारखं वाटावं. तीच जोडी धरमपेठेच्या गल्ल्यांत दोन-तीन इमारती आड आल्या की खरखरायला लागली. आणि बागेत? नाल्याच्या उतारापर्यंत भावाचा आवाज कसाबसा आला, पुढे शांत. या फ्रिक्वेन्सीची लहर सदुसष्ट सेंटिमीटरच्या आसपास असते. ती उंचसखल जमिनीला वळसा घालून जात नाही, आणि पाण्याने भरलेली पानांची दाटी तिला शोषून घेते. संत्र्याची बाग म्हणजे अशाच पानांची भिंत.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण दुकानात ती कोणी सांगत नाही. अंतर वाढवायला वॅट वाढवून फार मिळत नाही. अँटेना उंच नेली तर मिळतं. आमच्या घराच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. तिच्यावर अँटेना लावता आली, तर तेवढ्याच शक्तीत नाल्यापलीकडचं ऐकू येण्याची शक्यता कितीतरी वाढते. पण या वर्गातल्या सेटची अँटेना सेटलाच पक्की बसवलेली असते. ती काढून बाहेर लावायची नाही, हीच या वर्गाची अट.

27 मेगाहर्ट्झचा सिटिझन बँडही आपल्याकडे 5 वॅटपर्यंत परवानामुक्त आहे. कागदावर हे आमच्यासाठी उत्तम दिसतं. मात्र तिथेही अँटेना अंगचीच हवी, आणि त्या फ्रिक्वेन्सीची लहर अकरा मीटर लांब. तिला साजेशी पाव लहरीची अँटेनाही पावणेतीन मीटर होते. हातातल्या सेटवर तिचा आखूड तुकडाच मावतो आणि शक्तीचा मोठा भाग वाया जातो. गच्चीवर तार ताणू दिली असती, तर हा पट्टा खेड्यापाड्यांत केव्हाच रुजला असता.

परवान्याच्या बाजूला वळलं, की सामान्य माणसासमोर येते ती हौशी रेडिओची, म्हणजे हॅमची परीक्षा. आपल्याच विभागाचं वायरलेस मॉनिटरिंग स्टेशन नागपुरात आहे. वयाची बारा वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही परीक्षा देता येते. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला ओहमचा नियम, ट्रान्झिस्टर, अँटेना आणि नियमावली. जनरल ग्रेडला त्यावर मोर्स कोड. या मंडळींबद्दल मला मनापासून आदर आहे. 2001 च्या भूजच्या भूकंपात आणि 2004 च्या त्सुनामीनंतर अंदमानात बाकी सगळं बंद पडलेलं असताना निरोप पोचवले ते त्यांनीच. पण ही सेवा आहे स्वतः शिकण्यासाठी, प्रयोगांसाठी, आणि पैशाच्या व्यवहाराशी संबंध न ठेवता. बागेत मजूर किती आले आणि व्यापारी किती भाव देतो हे त्यावर बोलायचं नाही. त्याहून मोठी अडचण अशी, की बोलणाऱ्या प्रत्येकाला स्वतंत्र परवाना लागतो. भाऊ पास होईल, मीही होईन. रात्री सेटपाशी बसणार आहे ती आई. तिने साठीनंतर ट्रान्झिस्टरचा अभ्यास करावा, तेव्हाच तिला मुलाची खुशाली विचारता येईल, ही अपेक्षा मला बरोबर वाटत नाही.

यापुढे उरतो तो कॅप्टिव्ह, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या कामापुरत्या वापराचा परवाना. कारखाने, हॉटेलं, सुरक्षा एजन्सी तो घेतात. फ्रिक्वेन्सी नेमून घ्या, रॉयल्टी भरा, दरवर्षीचे कागद सांभाळा. दोन सेटवाल्या शेतकरी कुटुंबासाठी तो बनलेलाच नाही.

म्हणजे खाली अर्ध्या वॅटचा सेट, वर परीक्षा किंवा कंपनीचा परवाना, आणि मधली पायरीच नाही. जिथे पायरी नसते तिथे लोक उडी मारतात, आणि ती कशी मारतात हे मी सीताबर्डीच्या एका दुकानात पाहिलं. खोक्यावर ‘रेंज 10 किमी’ मोठ्या अक्षरांत. ईटीएचा क्रमांक शोधायला मी खोकं सगळ्या बाजूंनी फिरवलं, कुठेच नव्हता. 5 वॅटचा सेट, बटणं दाबून पाहिजे ती फ्रिक्वेन्सी लावता येणारा. पोलीस, रेल्वे, अग्निशमन, कोणाच्याही बोलण्यात तो घुसू शकतो. परवान्याचं विचारलं तर दुकानदार म्हणाले, “कोण विचारून राहिलं ताई तुम्हाला? घेऊन जा न.” मी घेतला नाही. पण माझ्या मागे उभे असलेले दोघे घेऊन गेले, आणि ते गुन्हेगार नव्हते; एकाला लग्नाच्या मांडवासाठी हवा होता, दुसऱ्याला शेतासाठी.

मे 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशाच विक्रीबद्दल ई-कॉमर्सवाल्यांना 13 नोटिसा काढल्या, आणि पाठोपाठ मार्गदर्शक तत्त्वं आली. फ्रिक्वेन्सी आणि ईटीए जाहीर केल्याशिवाय सेट विकायचा नाही. मी त्याचं स्वागत करते. पण विक्री थांबवल्याने गरज थांबत नाही. ज्याला खरंच दोन किलोमीटर बोलायचं आहे, त्याला सरळ रस्ता दिला नाही तर तो खोक्यावरच्या दहा किलोमीटरवर विश्वास ठेवणारच.

अमेरिकेने हा रस्ता काढलेला आहे. त्यांच्या जीएमआरएस सेवेला परीक्षा नाही. 35 डॉलर भरायचे, 10 वर्षांचा परवाना मिळतो, आणि तो घेणाऱ्याच्या सगळ्या नात्यागोत्याला चालतो: नवरा-बायको, मुलं, नातवंडं, आईवडील, आजीआजोबा, भाऊबहीण, काका-मावशी, भाचे-पुतणे, सासरची माणसंसुद्धा. कायद्याने कुटुंब इतकं मोठं मानलेलं वाचून मला फार बरं वाटलं, कारण आपल्याकडे बाग सांभाळतं ते एवढंच मोठं कुटुंब. त्यांना गच्चीवर अँटेना लावता येते, आवाज पकडून पुढे पाठवणारा रिपीटर उभारता येतो. मोबदल्यात दर 15 मिनिटांनी आपला कॉलसाइन, म्हणजे परवान्यासोबत मिळालेली ओळखखूण बोलायची, म्हणजे हवेत कोण आहे हे सरकारला कळतं. ऑस्ट्रेलियात तर 477 मेगाहर्ट्झच्या आसपास 5 वॅटचे 80 चॅनल सगळ्यांना खुले आहेत, वेगळा परवाना किंवा फी न घेता, आणि तिथले शेतकरी ते रोज वापरतात.

सुरक्षेचा मुद्दा आपले अधिकारी काढतील, आणि तो काढायलाच हवा. पण आज हवेत जे बिननावाचे सेट बोलतात, त्यांची नोंद कुठेच नाही. नाव, पत्ता, आधार आणि कॉलसाइन देऊन चार-सहा ठरलेल्या चॅनलांवर बोलणारं कुटुंब त्यापेक्षा निश्चितच सुरक्षित आहे. सीमाभाग आणि संवेदनशील क्षेत्रं वगळा, आमची हरकत नाही.

ही गरज फक्त शेतावरची नाही. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरीचं पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा वरच्या मजल्यावरच्यांना खालच्यांशी बोलायचं होतं आणि चार्जिंगला वीज नव्हती. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो माणसं येतात, तेव्हा हातात फोन असूनही लागत नाही, आणि हरवलेल्या लेकराचा निरोप स्वयंसेवकांना पायी न्यावा लागतो.

1885 चा तार कायदा आणि 1933 चा वायरलेस कायदा यांची जागा घेण्यासाठी 2023 चा दूरसंचार कायदा आला आहे. नवे नियम बनत आहेत, म्हणून हीच वेळ आहे. माझी मागणी अशी: परीक्षा नसलेला, परवडणाऱ्या फीचा, एका कुटुंबाला एक असा परवाना सुरू करावा. 5 वॅटपर्यंतची शक्ती, बाहेरच्या अँटेनाची मुभा आणि स्वतंत्र चॅनल त्यात असावेत. अर्ज आपल्या विभागाच्या सरल संचार पोर्टलवर मराठीतही भरता यावा. त्याआधी, तूर्त एवढं तरी लगेच करता येईल: 27 मेगाहर्ट्झवरची अंगच्या अँटेनाची अट काढून टाका. पट्टा मोकळाच आहे, शक्तीही ठरलेली आहे. या बहराच्या आधी ते झालं, तर टाकीवरची अँटेना आम्ही स्वतः उभी करू.

आपली विश्वासू,
एक नागपूरकर