हार्डीतला नाताळ हाती दिल्याबद्दल

प्रिय वाचनालयातल्या काकू,

सप्रेम नमस्कार.

डिसेंबरात पाय प्लास्टरमध्ये घेऊन घरी पडले होते, तेव्हा "नाताळचं काहीतरी गोड, गावातलं, प्रेमाबिमाचं द्या" असा निरोप मी भावाजवळ दिला होता. तुम्ही चक्क इंग्रजी कादंबरीकार थॉमस हार्डी पाठवलात! एम. ए.ला त्याची 'टेस' (शेवटी नायिकेला फाशी!) वाचून पोळलेल्या बाईला धडकी भरणारच. पण आत तुमची चिठ्ठी होती: "घाबरू नकोस, यात कोणाला फाशी होत नाही." पहिले आभार त्या चिठ्ठीचे.

तुम्ही पाठवलेली कादंबरी, 'अंडर द ग्रीनवुड ट्री' (1872), उघडते तीच नाताळच्या आदल्या रात्री, इंग्लंडमधल्या डॉर्सेटच्या मेलस्टॉक गावात. गाडीवान ड्यूईच्या घरी चर्चची वादक-गायक मंडळी जमलीत, सायडरचं (सफरचंदाच्या दारूचं) पिंप उघडलंय. गावचा चांभार दुरुस्तीला आलेला एक नाजूक बूट काढून दाखवतो. बूट नव्या शाळामास्तरणीचा, फॅन्सी डेचा. ड्यूईचा पोरगा डिक तिचा चेहरा बघायच्या आधी तो बूटच न्याहाळत बसतो. पुढे मंडळी कंदील घेऊन दारोदार गात फिरतात, वाटेत क्लॅरिनेट देवाच्या सेवेला चालते की नाही यावर भांडतात (हा वाद मी मोठ्यानं वाचून घरच्यांना ऐकवला), आणि शाळेच्या खिडकीत एकदाची मेणबत्ती घेतलेली फॅन्सी दिसते. थोड्या वेळानं लक्षात येतं, डिक कुठंय? तो मागेच राहिलेला, अंधारलेल्या खिडकीकडे टक लावून. मी पाय विसरून हसले.

गोडवा आहे, पण पाक नाही. नव्या पाद्रीबाबांना या जुन्या वादकांच्या जागी ऑर्गन हवाय, आणि तो वाजवणार कोण, तर फॅन्सीच! पिढ्यान्‌पिढ्यांचं भजनी मंडळ घरी बसवून स्पीकर लावावा, तसं झालं. हार्डीचे वडील आणि आजोबा स्टिन्सफर्डच्या चर्चमध्ये असेच वाजवायचे. मेलस्टॉक म्हणजे तेच गाव. म्हणूनच म्हातारे चिडचिड न करता, टोप्या सावरत पाद्रीबाबांकडे मुदत मागायला जातात, तिथे हसू येता येता घसा दाटतो.

फॅन्सीवर मात्र माझा राग आहे. डिकशी लग्न ठरलेलं असताना पाद्रीबाबांनाही हो म्हणाली, दुसऱ्या दिवशी मागे फिरली, आणि लग्नानंतरही डिकला त्यातलं अक्षर सांगितलं नाही. तुमचं मत काय? आल्यावर भांडू.

पुस्तक आता आईनं पळवलंय. ती 'वसंत' या दुसऱ्या भागापर्यंत पोचलीय, म्हणजे आणखी आठवडा जाणार. दंड लावा, बिनतक्रार भरीन. आणि नाताळचंच असं दुसरं काही कपाटात असेल, तर बाजूला काढून ठेवा.

तुमची,
प्लास्टरवाली वाचक