डाळीच्या डब्यातली किल्ली

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

सकाळी तू बसमध्ये चढलास तेव्हा मी मुद्दाम दुसरीकडे बघत होतो. तेव्हापासून तुझी आई माझ्याशी बोलत नाही. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहितो. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या दंडाचं काही काढणार नाही. दहा हजार भरले, विषय संपला, असं तू म्हणालास. बरं.

पण कोर्टाच्या जिन्यावर जे बोललास ते डोक्यातून जात नाही. "पुलावरून मखमलाबादकडून घातली असती गाडी तर सापडलो नसतो." त्याआधी आत तू न्यायाधीशांपुढे सरळ उभा राहिलास, कारणं न देता चूक झाली म्हणालास. मागच्या बाकावर माझा ऊर भरून आला होता रे. आणि पाच मिनिटांत हे?

तुझ्या नानाकाकांनाही एकदा पकडलं होतं. तेव्हा कायद्यात पहिल्या वेळेला २,००० पर्यंत दंड होता. घरी येऊन कान धरले, देवापुढे नारळ फोडला. पुढे त्यातून शिकले काय, तर नाकाबंदी कुठे लागते ते! चौकात पोलीस दिसले की रिक्षाने यायचे, पोलीस उठले की पुन्हा स्कूटर. एकदा महिनाभर रोज तपासणी होती, तो महिना नाना अगदी सरळ. दंड किती हे त्यांच्या कधी लक्षातही राहिलं नाही. आज धरतील का, एवढंच बघायचे. २०१९ च्या दुरुस्तीने दंड १०,००० केला, दुसऱ्यांदा सापडला तर १५,००० किंवा २ वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण सापडणारच नाही अशी ज्याची खात्री, त्याला लाख सांगितले तरी काय फरक पडतो? रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा. तू म्हणतोस, त्याच्या वर असूनही मला सगळं स्वच्छ दिसत होतं. नानांनाही स्वच्छच दिसायचं.

बघ, भाषण झालंच. माफ कर. तू तीस वर्षांचा आहेस हे मी विसरतो.

नाना जिन्यावरून पडले असं आम्ही तुम्हा पोरांना सांगितलं. ते खोटं होतं. दिंडोरी रोडला द्राक्षाच्या क्रेटचा ट्रॅक्टर उभा होता, मागे दिवा नव्हता. काकूसमोर हे काढू नकोस.

आणि आता माझं. ओझरच्या लग्नाहून येताना मी घेतलेली होती. तू पाच वर्षांचा, स्कूटरवर पुढे उभा, हॉर्न वाजवत होतास. आडगावपासून पुढचा रस्ता मला आठवत नाही. कोणी अडवलं नाही, काही झालं नाही, आणि म्हणूनच पुढच्या महिन्यात मी पुन्हा तेच केलं. त्यानंतर तुझ्या आईने किल्ली डाळीच्या डब्यात ठेवायला सुरुवात केली. कुठे कार्यक्रमाला निघालो की किल्ली डब्यात, आणि मला रिक्षाचे पैसे मोजून हातात. चार लोकांत लाज वाटायची. भांडलोही. पण डबा काही उघडला नाही.

तिकडे पुण्यात तुझी किल्ली कोण ठेवणार, हाच विचार रात्री येतो. परवाना तीन महिने निलंबित आहे, तेवढे दिवस तरी बाईकला हात लावणार नाहीस ना? "पुण्यात कोण विचारतंय" असं ताईला म्हणालास म्हणे. खोटं असेल तर बरं. तुझ्या खोलीतल्या त्या जाडजूड मित्राला सांगून ठेव, तो मला भला वाटला. नाहीतर मीच फोन करतो त्याला. नको, तूच सांग.

पिशवीत चिवड्याखाली जुन्या रुमालात पाचशे रुपये आहेत, रिक्षासाठी. आईने ठेवलेत, मी नाही.

हळदीला येशील तेव्हा बसने ये. ठक्कर बाजारला मी न्यायला येतो, कितीही उशीर होऊ दे.

तुझा,
बाबा