कोंबडीचे पिल्लू एकटे विकू नये, घेऊ नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरातील आठवडे बाजारांत आणि जत्रांत गुलाबी, हिरव्या, जांभळ्या रंगांत बुडवलेली कोंबडीची पिल्ले विकायला येतात आणि मुलांच्या हट्टापायी पालक त्यांतले एखादे पिल्लू कागदी पिशवीतून घरी नेतात. ते बहुधा आठवडाभरही जगत नाही. नोकरीची सारी वर्षे पशुसंवर्धनाच्या कामात गेल्यामुळे निवृत्तीनंतरही ओळखीपाळखीचे लोक असे मलूल पिल्लू घेऊन माझ्याकडे येतात आणि ‘खायला तर सगळे ठेवले होते’ असे सांगतात. खाणे ठेवलेले असते हे खरेच; नसते ती सोबत.

अंड्यांसाठीच्या संकरित जातींच्या उबवणी केंद्रांत पिल्ले निघाली की नर आणि माद्या वेगळ्या केल्या जातात. या जातींचे नर मांसासाठीही ब्रॉयलरसारखे भरत नाहीत, त्यामुळे त्यांना किंमत नसते. रंग लावून बाजारात येतात ती बहुतांशी हीच. अंड्यातून बाहेर पडण्यापूर्वी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेते आणि त्यावर दोन-तीन दिवस अन्नपाण्याविना तग धरते, म्हणूनच त्यांची खोक्यांतून लांबवर वाहतूक करता येते. बाजारातले पिल्लू टुणटुणीत दिसते ते या शिदोरीवर. घरी आल्यावर ती संपत येते आणि नेमके तेव्हाच त्याला दाणा टिपायला शिकवणारे जवळ कोणी नसते.

आई असती तर तिने कुक्-कुक् करीत दाणा चोचीने उचलून पिल्लापुढे पुन्हा खाली टाकला असता. चार भावंडे असती तरी एकाने चोच मारली की बाकीच्यांनी मारली असती. एकट्या पिल्लासाठी हे काम माणसालाच करावे लागते. पुठ्ठ्यावर तांदळाची बारीक कणी किंवा पिल्लांचे तयार खाद्य पसरून त्यावर नखाने टकटक करावे. पिल्लू आधी मान वाकडी करून नखाकडे पाहते, मग नखालाच टोचते आणि त्या खटाटोपात एखादी कणी त्याच्या चोचीत जाते. पाण्यातही एकदा त्याची चोच हलकेच टेकवावी. पाण्याचे भांडे उथळ असावे व त्यात चार गोटे टाकावेत, नाहीतर पिल्लू त्यात बुडून मरते. कणीवर फार दिवस काढू नयेत, पिल्लांच्या खाद्यात वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात, ती कणीत नसतात. खोक्यात वर्तमानपत्र अंथरू नये (संपादक महाशयांनी राग मानू नये), कारण गुळगुळीत कागदावर पाय घसरून दोन्हीकडे फाकतात आणि ते तसेच राहू शकतात. गोणपाटाचा तुकडा उत्तम.

पिल्लाच्या आवाजाकडे लक्ष दिले तर अर्धी चिकित्सा होते. सुखात असलेले पिल्लू हळू, तुटक चिवचिवते. एकटे पडलेले किंवा गारठलेले पिल्लू मात्र मोठ्याने, एका लयीत, थांबण्याचे नाव न घेता ओरडत राहते. त्याला ओंजळीत घेऊन वरून दुसरा हात ठेवला की काही क्षणांत ओरडणे थांबते आणि डोळे मिटू लागतात. पण हात काढला की पुन्हा तेच. पहिल्या आठवड्यात त्याला ३२ ते ३५ अंश सेल्सिअस उष्णता लागते व पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी ती कमी करता येते. कळपातली पिल्ले एकमेकांना बिलगून ऊब राखतात, एकट्याला ती सोय नाही. निफाडला काही हिवाळ्यांत पारा पाच अंशांच्याही खाली जातो आणि नाशिक शहरही काही उबदार राहत नाही. खोक्याच्या एका कोपऱ्यावर साठ वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब सुरक्षित उंचीवर टांगावा, म्हणजे उकडले तर पिल्लाला दुसऱ्या कोपऱ्यात जाता येते. घरातला एलईडी दिवा लावून ‘दिवा तर रात्रभर होता’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्या दिव्याने उजेड पडतो, ऊब मिळत नाही. वीज गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवावी.

सोबतीसाठी लोक खोक्यात आरसा लावतात, मऊ कापडाचे बाहुले ठेवतात. याने पिल्लू थोडे शांत होते, पण आरशातले पिल्लू ऊब देत नाही की दाणाही दाखवत नाही. माणसाचा लळा मात्र त्याला फार लवकर लागतो. डग्लस स्पाल्डिंग या इंग्रज प्राणी-अभ्यासकाने १८७३ मध्येच नोंदवून ठेवले आहे की, नुकती जन्मलेली पिल्ले समोर हलणाऱ्या कोणाच्याही मागे जाऊ लागतात. मुलांना याची फार मौज वाटते. मात्र ज्याला आई मानले तेच मूल सकाळी शाळेत गेले की पिल्लू दुपारपर्यंत आकांत करते, हे घरातल्या आजींना विचारावे.

म्हणून खरा उपाय एकच: त्याच वयाचे दुसरे पिल्लू, आणि तेही शक्यतो त्याच खेपेतले. चार-सहा आठवड्यांनी मोठे असलेले पिल्लू लहानाला टोचून हैराण करते, तर परक्या ठिकाणचे पिल्लू रोग घेऊन येऊ शकते. ओळखीत कोणाकडे खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी असेल तर त्याहून चांगले. पेठ-सुरगाण्याकडच्या बायकांना हे सांगावे लागत नाही. पिल्लू एक-दोन दिवसांचे असताना रात्री अंधारात डालग्याखाली तिच्या पंखांत सरकवायचे, सकाळी ती त्याला आपले समजते. आठवडा उलटून गेला असेल तर ती टोचण्याचा संभव असतो, आणि पिल्लूही तिला आई मानायला तयार नसते.

मानमोडीची, म्हणजे राणीखेत या कोंबड्यांच्या रोगाची लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात, पण तिची कुपी शेकडो पिल्लांसाठी असते आणि उघडली की लगेच संपवावी लागते. एका पिल्लासाठी ती कोण फोडणार? जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लसीकरणाचा दिवस विचारून ठेवावा. पिल्लाला हाताळल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावेत, त्याचे मुके घेऊ नयेत. शिवाय हे पिल्लू बहुधा नर असते आणि दोन-तीन महिन्यांत बाल्कनीत आरवू लागते, तेव्हा सोसायटीतल्या शेजाऱ्यांना काय सांगायचे याचाही विचार आणतानाच करावा.

दोन घ्या म्हणणे म्हणजे या विक्रीला उत्तेजन देणे, असे काही प्राणिमित्र म्हणतील, आणि त्यात तथ्य आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा पक्ष्यांनाही लागू आहे. रंगात बुडवून उन्हातान्हात पिल्ले विकणाऱ्यांकडे महापालिकेने आणि पोलिसांनी त्या नजरेने पाहावे, अशी माझी विनंती आहे. ते होईल तेव्हा होईल. तोपर्यंत विक्रेत्यांनी सुटे एक पिल्लू कोणालाही देऊ नये आणि दोन पिल्ले महिना-दीड महिना उबेत सांभाळण्याची तयारी नसेल तर पालकांनी बाजारातच मुलाला नाही म्हणावे.

आपला,
पशुसंवर्धन क्षेत्रातील एक निवृत्त कर्मचारी,
इंदिरानगर, नाशिक