पिवळ्या रस्त्यांचे काका-काकू

प्रिय काका आणि काकू,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र पोस्टात न टाकता सगळ्यांसमोर ठेवते आहे. तुम्हाला विचारलं तेव्हा काका म्हणाले, "आमची नावं नकोत, गावांची मात्र नीट लिही." तसंच करते. आपल्याकडून इंग्लंडला येणारे बहुतेक लोक लंडन बघतात, बसमधून आणखी दोन-चार ठिकाणं करतात आणि परततात. सफोक परगण्यातल्या इप्सविचमधली माझी कामाची मुदतही तशीच संपली असती. ऑफिस, भाड्याची खोली आणि सुपरमार्केट यापलीकडे सफोक मला दिसलंच नसतं. तुम्ही सायकल दिलीत, नकाशा दिलात आणि सावकाश कसं जायचं ते शिकवलंत. या तिन्हींसाठी हे पत्र.

आधी सायकल. काकू, गुडघ्यामुळे तुमचं सायकल चालवणं थांबलं होतं, पण तुमच्या हिरव्या सायकलची साखळी तेव्हाही तेल घातलेली होती आणि चाकांत हवा होती. ब्रुक्सचं चामड्याचं सीट तुमच्या इतक्या वर्षांच्या सवयीनं मऊ झालेलं. मागे कॅराडाइसची जाड कापडी पिशवी, तिच्यात पंक्चरचं सामान आणि एक जुना रेनकोट. "उभी राहून गंजण्यापेक्षा फिरू दे तिला," म्हणालात आणि किल्ली हातात ठेवलीत. आपल्या हाताला बसलेली वस्तू दुसऱ्याला देणं सोपं नसतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मी पुण्यात कॉलेजला सायकलनंच जायची, पण त्या सायकलला गिअर नव्हते. पुढच्या तीन चक्रांपैकी सगळ्यात लहान चक्रावर साखळी चढाच्या आधी आणायची, दम लागल्यावर नाही, हे काकांनी तुमच्या घरासमोरच्या गल्लीत शिकवलं.

मग नकाशा. खरं सांगायचं तर सगळ्यात मोठं ऋण त्याचंच आहे. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा तो गुलाबी पाठीचा कागद, दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर, घड्यांवर चिकटपट्टी लावलेला. तुम्ही टेबलावर पसरलात आणि म्हणालात, "लाल रस्ता विसर, तपकिरीही विसर. पिवळे बघ, आणि पिवळ्यांतले बारीक." चार मीटरपेक्षा कमी रुंदीचे ते रस्ते. समोरून ट्रॅक्टर आला की कुंपणाला चिकटून उभं राहायचं आणि शेतकऱ्यानं हात केला की आपणही करायचा. रस्त्यावर एक बाण म्हणजे सातास एक ते पाचास एक एवढा चढ, दोन बाण म्हणजे त्याहून खडा, आणि बाणाचं टोक नेहमी उताराकडे. काळा चौकोन आणि वर क्रूस असेल तर त्या चर्चला मनोरा, काळा गोल असेल तर निमुळतं शिखर. लाल तुटक रेषेतले लांब तुकडे म्हणजे घोडेवाट. तिथे सायकल नेता येते, कारण १९६८ च्या कायद्यानं तसा हक्क दिला आहे. आखूड तुकडे म्हणजे फक्त पायवाट, तिथे नाही. फोनवरचा नकाशा मला वळण सांगत आला होता. या कागदानं पुढच्या टेकडीपलीकडे काय असेल ते आधी मनात उभं करायची सवय लावली. शेताच्या कडेला थांबून, दूरवरचा मनोरा कागदावरच्या चौकोनाशी जुळला की होणारा आनंद मला तोपर्यंत माहीत नव्हता.

तिसरी गोष्ट वेगाची. काका, साताऱ्याहून सत्तरच्या दशकात इथल्या हॉस्पिटलात आलेल्या तरुण डॉक्टरला सायक्लिस्ट्स टूरिंग क्लबच्या माणसांनी रविवारी आपल्याबरोबर नेलं, तिथे तुम्ही हे शिकलात असं तुम्ही सांगितलंत. १८७८ साली सुरू झालेली ती संस्था, तिच्यातल्या वयस्कर मंडळींनी तुमचं परकेपण रस्त्यावरच संपवलं. त्यांचेही आभार मी इथेच मानते. त्यांचे नियम तुम्ही मला जसेच्या तसे दिलेत: आधी वारा बघायचा, मग वाट ठरवायची, येताना तो पाठीशी हवा. दिवसाला वीस मैल पुष्कळ झाले. प्रत्येक गावात निदान एकदा तरी खाली उतरायचं. पाण्याचा नळ चर्चच्या आवारात शोधायचा, आणि दार उघडं असेल तर आत जाऊन बसायचं. बहुतेक दारं उघडीच असतात. आतल्या वहीत मी मराठीत दोन ओळी लिहायला लागले.

अख्ख्या सफोकचा सर्वांत उंच माथा १२८ मीटर. सह्याद्रीतल्या माणसाला याला डोंगर म्हणवणार नाही. पण याच बेतशीर चढउतारांमुळे प्रत्येक वळणावर थोडंसंच दिसतं, आणि पुढचं बघायला पाय आपोआप चालतात. मे महिन्यात दोन्ही बाजूंना हॉथॉर्नची कुंपणं पांढरी झालेली असतात, खाली काऊ पार्सलीचे तुरे कमरेएवढे वाढलेले. घरांचे तांबूस गुलाबी गिलावे. लॅव्हनममध्ये लाकडी चौकटीची घरं एकमेकांच्या खांद्यावर रेललेली बघून मी विचारलं होतं, हे सगळं इतकं टिकलं कसं? तुम्ही म्हणालात, गरिबीमुळे. लोकरीच्या कापडावर हे गाव देशातल्या श्रीमंत गावांत गेलं, गिल्डहॉल, म्हणजे गावातल्या संघाचं सभागृह, १५३० च्या सुमारास उभा राहिला, मग धंदा बसला आणि जुनं पाडून नवं बांधायला कुणाकडे पैसेच उरले नाहीत. त्यानंतर मी प्रत्येक गावात, इथे पैसा कधी आला आणि कधी गेला, हे शोधत फिरले.

काका, कर्सीला तुम्ही बरोबर होतात. टेकडीवरच्या चर्चपासून उतरणारा गावाचा मुख्य रस्ता थेट ओढ्यातून जातो. मी शेजारच्या लहान पुलावरून सायकल ढकलत नेली, तुम्ही सरळ पाण्यातून. पलीकडे बाकावर बसून तुम्ही गावाकडच्या बैलगाड्यांचं सांगितलंत: उन्हानं लाकूड आकसतं, चाकावरची लोखंडी धाव सैल होते, म्हणून गाडी नदीत उभी करायची. आणि म्हणालात, "कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराच्या चित्रातही गाडी पाण्यात उभी आहे, तू जाऊन जागा बघ." मी गेले. मॅनिंगट्रीला ट्रेनमधून उतरले, फ्लॅटफर्डला पोचले. १८२१ च्या त्या चित्रातलं डावीकडचं घर अजून स्टूर नदीच्या काठी तसंच आहे. ती गाडी गवत आणायला निघाली की चाकं भिजवायला थांबली, यावर जाणकार काय ते म्हणोत. मला तिथे कृष्णाकाठच्या गाड्या दिसल्या, त्या तुमच्यामुळे.

तिथून चढ चढून ईस्ट बर्गहोल्ट. कॉन्स्टेबलचं हे जन्मगाव, पण तुम्ही नकाशावर खूण केली होती ती चर्चच्या घंटांसाठी. मनोऱ्याचं काम १५२५ मध्ये सुरू झालं आणि अर्धवट राहिलं. इप्सविचच्याच कार्डिनल वूल्झीचा, म्हणजे राजा आठव्या हेन्रीच्या बलाढ्य मंत्र्याचा, पाडाव झाला आणि मदत आटली, असं गावात म्हणतात. तात्पुरती सोय म्हणून १५३१ मध्ये घंटांसाठी आवारात जमिनीवरच एक लाकडी घर बांधलं. घंटा अजून तिथेच आहेत! पाच घंटा, सगळ्या मिळून चार टनांहून जड, आणि वाजवणारे दोरी न ओढता वरचं लाकूड हातांनी ढकलतात. रविवारी सकाळी मी जाळीबाहेर उभी होते. माणसांच्या खांद्यांचं बळ आणि घंटेचा नाद एकाच वेळी दिसत आणि ऐकू येत होता. आवाज छातीत बसतो. काका, नुसत्या पेन्सिलीच्या गोलासाठी कुणाचे एवढे आभार मानावेसे वाटतील असं मला वाटलं नव्हतं.

आता कामाचं. मी पुढच्या महिन्यात पुण्याला परतते आहे. आमच्या ऑफिसात नाशिकची एक मुलगी नुकतीच आली आहे. शनिवार-रविवार खोलीतच असते, सायकल येते म्हणाली. तिला मी नकाशातले बाण आणि चौकोन शिकवले आहेत, लहान चक्राचंही सांगितलं आहे. रविवारी जेवायला येताना तिला बरोबर आणू का? उंचीला ती माझ्यापेक्षा कमी आहे, तेव्हा काका, सीटसाठी पाना बाहेर काढून ठेवा. आणि काकू, तुमची हरकत नसेल तर किल्ली या वेळी तुमच्याच हातानं तिला द्या.

तुमची,
इप्सविचची पुतणी