कारंज्याच्या पंपावरील अपुऱ्या माहितीबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : खोक्यावरील माहिती अपुरी असल्याने पंप निरुपयोगी ठरल्याबाबत

महोदय,

शोभेच्या छोट्या कारंज्यासाठी मी आपल्या कंपनीचा सबमर्सिबल पंप घेतला. पंपात बिघाड नाही. आवाज कमी आहे, स्पंजचा फिल्टरही सहज निघतो. माझी तक्रार खोक्यावरच्या आकड्यांबद्दल आहे.

तिथे ठळक छापले आहे : ‘४०० लिटर प्रति तास, कमाल उंची ०.८ मीटर’. माझ्या कारंज्यात कुंडातल्या पाण्यापासून वरच्या वाडग्याच्या काठापर्यंत ६० सेंटिमीटर अंतर आहे. हे वाचून कोणीही म्हणेल, पंप पुरून उरेल. प्रत्यक्षात वर बारीकशी धार येते आणि वाडग्याची एकच कड भिजते. नळीच्या तोंडाशी लिटरचे माप धरले, तर ते भरायला सुमारे ४० सेकंद लागतात. म्हणजे ताशी ९० लिटर!

४०० लिटर हा आकडा पाणी अजिबात वर चढवायचे नसतानाचा आहे आणि ०.८ मीटर ही उंची पाणी पडायचेच थांबते तिथली. दोन्ही आकडे खरे असतील, पण एकाच वेळी कधीच खरे नसतात. ग्राहकाला लागतो तो या दोन टोकांमधला आकडा, आणि तोच कुठे दिलेला नाही. त्यात सोबतची नळी पंपाच्या तोंडापेक्षा अरुंद, त्यामुळे घर्षणाने उपसा आणखी घटतो.

आपल्या प्रतिनिधींनी पंप विटेवर ठेवून उंची कमी करायला सांगितले. हा सल्ला ऐकून मला खरोखर वाईट वाटले. उंची पंपापासून नव्हे, पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजतात. पंप वर उचलल्याने धारेत काहीच फरक पडत नाही. उलट बाष्पीभवनाने पातळी उतरली की पंप लवकर उघडा पडतो, हवा ओढतो, घरघरतो. या मोटरला भोवतालचे पाणीच थंड ठेवते. कोरडी चालली तर ती जळू शकते, आणि पूर्ण सीलबंद असल्याने दुरुस्तही होत नाही. असा सल्ला इतर ग्राहकांना कृपया देऊ नका.

मला ६० सेंटिमीटर उंचीवर ताशी किमान ३०० लिटर पाणी देणारा पंप बदलून द्यावा. फरकाची रक्कम भरायला मी तयार आहे. तसा पंप आपल्याकडे नसेल, तर पूर्ण पैसे परत करावेत.

शिवाय, कोणत्या उंचीला किती पाणी मिळते याचा तक्ता खोक्यावर छापावा, निदान २०, ४० आणि ६० सेंटिमीटरसाठी तरी. पंपाची चाचणी घेताना ही मोजणी होतेच; ती ग्राहकापर्यंत पोचवायला चार ओळींची जागा पुरे.

लेखी उत्तराची वाट पाहत आहे.

कळावे,
आपली ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, खोक्याचे छायाचित्र