उपकेंद्राच्या कुलपाबद्दल: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

जत तालुक्याच्या पूर्वेला, कर्नाटकाला लागून असलेल्या गावातून हे लिहिते आहे. आमच्या उपकेंद्राला इमारत आहे, रंगही आहे. आरोग्यसेविकेची जागा मात्र तीन वर्षं रिकामी. विचारायला गेलं की उत्तर मिळतं, "तुमच्याकडं सिस्टर आहेत की."

दवाखान्यातल्या कुठल्याही नर्सला आपण सिस्टरच म्हणतो. आमच्या सिस्टर मात्र केरळातून आलेल्या कॅथलिक धर्मभगिनी, परिचारिकेचं रीतसर शिक्षण घेतलेल्या. गाव त्यांना सिस्टरअक्का म्हणतं. दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन ही व्रतं घेतलेल्या बाईच्या नावावर काही नसतं; महिन्याचा खर्चही मठातून मागून घ्यायचा. पहाटे पाचला प्रार्थना. सातला त्यांच्या दवाखान्याचं दार उघडतं तेव्हा पायरीवर माणसं बसलेलीच असतात. मराठी त्या इथं येऊन शिकल्या, आणि निम्मं गाव कानडी बोलतं म्हणून कानडीही. गावात कॅथलिक घर एकही नाही. नाताळला फादर येऊन मिस्सा, म्हणजे त्यांची सामूहिक उपासना, करतात, तेव्हा मागं उभे असतो ते आम्हीच.

माझ्या आईला साखरेचा आजार. पायाची जखम चिघळली तेव्हा अक्कांनी दीड महिना रोज ड्रेसिंग केलं. देवाच्या बाईनं आपल्या पायाला हात लावायचा म्हणून आई पाय आखडून घ्यायची. अक्का जमिनीवर बसून तो पाय मांडीवर घेत. बोट वाचलं. आई आजही रानात जाते.

साहेब, तरीही आरोग्यसेविकेचं काम त्यांना करता येत नाही. दिवाळीनंतर आमच्या टोळ्या कराड-वाळव्याकडं ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. बायांपैकी कुणाला सातवा, कुणाला आठवा लागलेला असतो. गरोदरपणाचं कार्ड नाही, रक्त तपासलेलं नाही. अक्का डोळ्याची पापणी खाली ओढून बघतात आणि गप्प होतात. सरकारी लसी, गरोदरपणाची नोंद त्यांच्या हातात नाही. नोंदच नाही म्हणून पहिलटकरणीचे मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये अडकतात. आशाताई धावपळ करतात, पण सुई टोचणं त्यांचं काम नव्हे. अवघडलेल्या बाईला घेऊन मिरज गाठायचं तर शंभर किलोमीटरच्या आसपास.

मैदानी भागात ५,००० लोकांमागं एक उपकेंद्र, हा निकष सरकारचाच आहे. एका म्हाताऱ्या बाईच्या सेवेकडं बोट दाखवून तो टाळला जातोय, याचं मला फार वाईट वाटतं. अक्का सत्तरीच्या पुढं गेल्या आहेत, गुडघे धरलेत. मठातून विश्रांतीसाठी बोलावणं येतं आणि त्या पुढं ढकलतात.

या दिवाळीआधी, टोळ्या निघायच्या आत, आमची जागा भरा. टोळीबरोबर जाणाऱ्या गरोदर बायांची नावं, महिने, मुकादमाचा फोन, सगळं अक्कांनी एका वहीत लिहून ठेवलंय. येणाऱ्या सेविकेच्या हातात द्यायला.

आपली,
जत तालुक्यातील एक रहिवासी