लाटेसाठी बोटीत वाळूची पोती नकोत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी गोव्यातल्या चोडण बेटावरचा. मांडवी नदीत २७ वर्षे लोहखनिज वाहणाऱ्या बार्जवर काढली, त्यातली शेवटची ११ मास्टर म्हणजे कप्तान म्हणून. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा उतरलो, तो कायमचाच. आता पुन्हा पाण्यावर जातो तो भाच्यामुळे. तो वेकसर्फिंगची बोट चालवतो. ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बोट ताशी १६ ते १९ किलोमीटर अशा संथ वेगाने चालते, तिच्या मागे उठणाऱ्या लाटेवर फळी घेऊन उभे राहायचे आणि जम बसला की दोरी सोडून द्यायची. पुढे ती लाटच माणसाला ढकलत नेते. मला हा खेळ मनापासून आवडला. आमच्या बेटावरची पोरे नदीकडे पाठ फिरवून बसली होती, ती पुन्हा पाण्यात उतरू लागली आहेत. म्हणूनच हे पत्र लिहितो आहे.

बोट जितकी जड तितकी ती खोल बसते, जितकी खोल बसते तितके पाणी बाजूला सारते, आणि तेच पाणी मागे मिटताना लाट होते. त्यामुळे लाट मोठी हवी असली की बोटीत वजन भरतात. जुने तांडेल या वजनाला नीरम म्हणत, पोरे बॅलास्ट म्हणतात. खास या खेळासाठी बांधलेल्या बोटींत पाण्याच्या टाक्या कारखान्यातूनच येतात. भाच्याची बोट मालकाने जुनी घेतलेली, २१ फुटांची, तिच्या टाक्या लहान. लाट गुडघ्याच्या वर येईना. मग मालकाने स्वस्तातला उपाय काढला : प्रत्येकी ४० किलोची वाळूची १४ पोती.

गेल्या डिसेंबरात मी त्या बोटीवर होतो. सात माणसे, त्यातली तिघे पुढे नाळेत बसलेली, कारण पुढे वजन टाकले की लाट लांबते असे त्यांनी ऐकले होते. ते खरेही आहे. लाटेवरचा मुलगा पडला. त्याला घ्यायला भाच्याने एकदम वेग उतरवला आणि बोट वळवली. आमच्याच मागची लाट आता समोरून आली आणि नाळेवर चढली. दोन दमांत पाणी घोट्यापर्यंत. पंप लावला तर तो वाळूने चोंदलेला, एक पोते कधीच फाटले होते. आम्ही बादलीने पाणी उपसले, पाच पोती नदीत ढकलली, तेव्हा नाळ वर आली. पाण्यातला मुलगा तोवर जाकिटाच्या आधाराने तरंगत होता. घरी येऊन मी हिशेब मांडला. बोटीवरच्या पाटीत माणसे व सामान मिळून ९०० किलोची मर्यादा होती. ५६० किलो वाळू आणि सात माणसांचे ४९० धरले तर १०५०. ही पाटी त्या दिवशी कोणी वाचली नव्हती, मीसुद्धा नाही. इतकी वर्षे बार्जच्या बाजूवरची भाररेषा बघितल्याशिवाय धक्का न सोडणाऱ्या माणसाकडून ही चूक झाली, याची मला अजून लाज वाटते.

वाळूऐवजी पाण्याच्या पिशव्या बोटीत ठेवता येतात. वाळू का नको, हे नीट समजून घ्यावे. नदीचेच पाणी भरलेली पिशवी बोटीत असेपर्यंत वजन देते. पण बोटीत पाणी शिरले आणि ती पिशवी पाण्याखाली गेली की तिचे वजन जवळजवळ शून्य होते, पाण्यात पाणी बुडत नाही. वाळू, शिसे, लोखंड मात्र बुडत्या बोटीला तळापर्यंत ओढत नेतात. शिवाय पिशवी पंपाने काही मिनिटांत रिकामी करता येते. पोते उचलून फेकायला दोन माणसे लागतात, तीही डुलत्या बोटीत.

पिशव्यांचेही शास्त्र आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे हिशेब सोपा. पण पिशवी एकतर तट्ट भरावी नाहीतर पूर्ण रिकामी ठेवावी. अर्धवट भरलेल्या पिशवीतले पाणी बोट कलली की त्याच कुशीला धावते आणि तिला आणखी कलवते. ओल्या खनिजाचा चिखल होऊन तो असाच सरकतो, हे आम्ही बार्जवाले जाणतो. २००९ साली मंगळूरहून खनिज घेऊन निघालेले एशियन फॉरेस्ट जहाज असेच कलंडून बुडाले.

आता त्या बोटीत ३४० किलोची एक पिशवी मागच्या कोपऱ्यात, ज्या बाजूला लाट हवी तिथे, आणि १८० किलोची पुढे. माणसे पाचच. एकूण ८७०. ताशी १७ किलोमीटरला लाट कमरेएवढी येते, वाळूच्या वेळेपेक्षा उंच आणि स्वच्छ. पोती मधोमध रचल्यामुळे त्यांचे वजन वायाच जात होते. भाचा म्हणाला, "मामा, वजन कमी केले आणि लाट वाढली!" वजन कुठे ठेवतो त्यावरच सगळे असते.

त्याच्या बोटीचा पंखा पोटाखाली आहे. पण काही जण मागे लटकणाऱ्या आउटबोर्ड इंजिनच्या बोटींमागे हाच खेळ करू पाहतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. लाटेवरचा मुलगा बोटीपासून जेमतेम दोन-तीन मीटरवर असतो. तो पुढे घसरला तर थेट उघड्या पंख्यावर. हे आजच्या आज थांबले पाहिजे. इंजिन चालू असताना बोटीच्या मागच्या फळीवर पाय सोडून बसणेही तितकेच वाईट. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आता माझ्या घरामागची गोष्ट. आमची कोरगुट भाताची शेते खाजनात आहेत, म्हणजे मातीच्या बांधाने आणि मानशीच्या, पाणी अडवणाऱ्या दाराने खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या जमिनीत. लाटेची उंची दुप्पट झाली की तिची ताकद चौपट होते. ती बांधावर आदळू नये म्हणून भरलेल्या बार्जही आम्ही बांधाजवळून हळू न्यायचो. ही लाट तर मुद्दाम मोठी केलेली, आणि तीही एकाच पट्ट्यात दिवसातून ३०-४० वेळा फिरणारी. बांध फुटून खारे पाणी शेतात बसले की पुढची पिके गेली. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याने २०२४ मध्ये अशा बोटींना काठापासून ५०० फूट दूर आणि किमान २० फूट खोल पाण्यातच लाट करायची सक्ती केली. ती तळ्यांसाठी आहे. पण आपल्याकडे दोन्ही काठांना ५०० फूट सोडायचे तर नदी हजार फुटांहून रुंद हवी. मांडवी आणि झुआरी जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यात बहुतेक ठिकाणी ते जमणार नाही. मग तिथे लाट करू नये. पणजीकडे मांडवी रुंद आहे, भरतीला खोलही आहे, तिथे करावी.

परवाने देणाऱ्यांना माझी विनंती आहे. बोटीवर माणसांची संख्या लिहून भागत नाही, पाण्यासकट एकूण किलो मराठी-कोकणीत मोठ्या अक्षरांत लिहायला लावा. बांधांच्या नदीपट्ट्यांत या लाटेला बंदी घाला. आणि मालकांनो, पिशव्या कशा भरायच्या, वजन कुठे ठेवायचे हे शिकायचे असेल तर मी फुकट शिकवीन. रविवारी सकाळच्या भरतीला मी चोडणच्या फेरी धक्क्यावर असतो.

आपला,
एक निवृत्त बार्ज मास्टर,
चोडण, तिसवाडी